कौलारू घरात एसी बसवायच्या आधी माळ्यावर चढा

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "वायरमन, एसी बसवायचाय, कधी येताय?" मी विचारतो, घर स्लॅबचं की कौलारू? कौलारू म्हटलं की माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "माळ्यावर शेवटचं कधी चढला होता?" पलीकडं जरा वेळ कुणी बोलत नाही. मग, "दिवाळीच्या साफसफाईला पोरं चढली होती बहुतेक." कुठल्या सालची दिवाळी, ते मी विचारत नाही.

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ आणि इकडं येळ्ळूर, खानापूरपर्यंत जुन्या घरांत वायरिंग करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. राहतो तेही शहापुरातलं जुनंच घर. सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, तुळईवर १९३४ कोरलंय. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. मग मुंबई राज्यात आलं, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. एवढ्या उलाढालीत घराच्या भिंती त्याच राहिल्या, दीड हात जाडीच्या मातीच्या. वर मंगळुरी कौलं. असल्या घराला ऊन-थंडीसाठी काय करावं हे लोक मला विचारतात, कारण मी यंत्रं बसवतो. खरं आमच्याकडच्या जुन्या घरांत यंत्राची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि पुष्कळ घरांत येतच नाही. माझं गिऱ्हाईक तुटतं त्यात, तुटू दे.

आधी एक दिवस घर मोजा

साधे दोन तापमापक आणा, आर्द्रता दाखवणारे मिळाले तर बरंच. एक माळ्यावर कौलांच्या खाली टांगा, दुसरा माजघरात बसल्यावर डोकं येतं तेवढ्या उंचीवर. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा, असं तीनदा लिहून ठेवा. गेल्या एप्रिलमधली आमच्या घरची दुपारची नोंद अशी: बाहेर ३७, माळ्यावर ४६, सोप्यात ३५, माजघरात ३०. रात्री दहाला बाहेर २६ आणि माजघरात ३१.

हे आकडे नीट वाचले तर निम्मं काम झालं. दुपारी माजघर बाहेरच्यापेक्षा सात अंशांनी गार आहे, म्हणजे मातीची भिंत आपलं काम करायला लागलीय. दीड हाताच्या भिंतीतनं ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात. दुपारी गिळलेलं ऊन ती रात्री सोडते, म्हणून रात्री माजघर बाहेरच्यापेक्षा गरम. तेव्हा दिवसा घर मिटायचं आणि रात्री उघडायचं. आपण नेमकं उलटं करतो. सकाळी "जरा हवा येऊ दे" म्हणून अकरापर्यंत सगळं सताड उघडं, आणि रात्री डासांच्या नि चोरांच्या भीतीनं सगळं बंद. खिडक्यांना गज आहेतच, त्यावर जाळी मारून घ्या. मार्च ते मे, सकाळी साडेआठला खिडक्या बंद, रात्री आठनंतर उघड्या. फुकटचा उपाय आहे म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. एका मावशींनी आठ दिवस करून बघितलं आणि एसीचा दिलेला आगाऊ पैसा दुकानातनं परत आणला. दुकानदार अजून माझ्याशी बोलत नाही.

रात्रीची हवा आत ओढायला एक्झॉस्ट पंखा लावा, खरं स्वयंपाकघरात नव्हे. घराच्या कडेची जी त्रिकोणी भिंत आढ्यापर्यंत जाते, तिच्यात वरच्या बाजूला बारा इंची पंखा. तो माळ्यावरची तापलेली हवा बाहेर फेकतो आणि खालच्या खिडक्यांतनं गार हवा आत येते. माळ्याच्या पाटईत, म्हणजे फळ्यांच्या जमिनीत, जिन्याची जागा उघडी हवी, नाहीतर तो नुसता माळ्यातच फिरवत बसेल. जुन्या घरांत या भिंतीला झरोके असतात. पाखरं येतात म्हणून ते कुणीतरी विटांनी बुजवलेले असतात. आधी ते उघडा, जाळी लावा, मग पंख्याचं बघू.

कौलं

ऊन घरात शिरतं ते सगळ्यात जास्त वरनं. १८६५ साली बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढं हे खाचांचं, एकमेकांत अडकणारं कौल आपल्याकडं सगळीकडं पसरलं. त्याआधी नळीची कौलं होती, ती खानापूर-जांबोटीकडच्या काही घरांवर अजून दिसतात. दोन्हींचा एक गुण सारखा: कौलांच्या फटींतनं हवा खेळते, तापलेली हवा आढ्याकडनं निघून जाते. पत्र्याला हा गुण नाही. कौलं फुटायला लागली, शाकारायला माणूस मिळेना, म्हणून कौलं उतरवून पत्रे घातलेली घरं मी गल्लोगल्ली बघतो. त्यांच्याकडनं मला एप्रिलमध्ये एसीसाठी फोन येतो आणि जूनमध्ये आवाजाची तक्रार.

म्हणून पहिला खर्च शाकारणीचा. वळीव सुरू व्हायच्या आधी, एप्रिलात. कौल काढून बोटाच्या पेरानं ठोकायचं. टण्ण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर आत चीर आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. पाडलेल्या घरांची जुनी कौलं विकत मिळतात. ती घ्या, खरं आपल्या छपराचं एक कौल नमुन्याला संगट न्या. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, आणि न बसलेल्या खाचेतनं जुलैत पाणी थेट बिछान्यावर येतं. काचेचं उजेडाचं कौल सोप्यावर किंवा झोपायच्या खोलीवर असेल तर ते जिन्यावर नाहीतर न्हाणीवर हलवा. उजेडाबरोबर ऊनही घेऊन येतं ते.

शाकारणी चाललीच आहे तर त्याच वेळी कौलांखाली चंदेरी फॉइल घालून घ्या. बबलवाली मिळते, दोन्हीकडनं चकचकीत. गवंड्याला ही रीत नीट समजावून सांगा, नाहीतर तो रीपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या पट्ट्यांवर, ताणून मारतो आणि कौल तिच्यावर चिकटवून बसवतो. फॉइल वाशांवर, रीपेच्या खाली यायला पाहिजे, जरा सैल, म्हणजे कौल आणि फॉइल यांच्यात बोटभर तरी पोकळी राहते. ही पोकळी नसली तर फॉइल नुसतीच तापते आणि कौलाची ऊब खाली देते. वरच्या बाजूवर धूळ बसून तिची चकाकी दोन-तीन वर्षांत जाते. खालची चकाकी राहते, आणि माळ्याकडं ऊन न फेकण्याचं काम खरं तीच करते. पट्ट्या वळचणीकडनं वर घालत जायच्या, वरची पट्टी खालचीवर वीतभर यायला पाहिजे, मग फुटक्या कौलातनं आलेलं पाणी घसरून वळचणीला पडतं. आढ्याजवळ दोन-तीन इंच मोकळं सोडा, वळचणीलाही. आणि वायरमन म्हणून हात जोडून सांगतो, फॉइलवर उघडी वायर टेकवू नका. ती ॲल्युमिनियम आहे, वीज वाहते. माळ्यावरची प्रत्येक वायर पाइपातनं, फॉइलपासून हातभर लांब.

आमच्या घरी फॉइलनंतर माळ्यावरचे ४६ चे ४० झाले. खाली सोप्यात दोन अंशांचा फरक पडला. दोन अंश ऐकायला कमी वाटतात. दुपारी सोप्यात आडवं पडून बघा.

मी केलेली चूक

थोरल्या पोराच्या लग्नाआधी मी आमची मधली खोली "करून घेतली". खाली पीओपीचं सीलिंग, वळचणीच्या फटी फोमनं बुजवल्या, भिंतीला चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा, वर चकचकीत रंग आणि दीड टनाचा एसी. पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. अप्पा तेव्हा होते. दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "घराचं नाक दाबलास रे."

पहिला उन्हाळा झकास गेला. जुलैत खोलीला कुबट वास यायला लागला. ऑगस्टात सिमेंटच्या वर, बरोबर पाचव्या फुटावर, भिंतीला लोणा फुटला. पांढरं मिठासारखं, हात लावला की रंगाचे पोपडे सुटायचे. मातीच्या भिंतीला जमिनीतनं ओल चढते, ती नेहमीच चढत होती, खरं आधी ती भिंतीच्या तोंडातनं वाळून जायची. मी खाली सिमेंट मारल्यावर तिला तोंड मिळेना, म्हणून ती वर चढली. सीलिंगच्या वरच्या बाजूची गंमत आणखी निराळी. एसीनं पीओपी गार, माळ्यावरची पावसाळी हवा दमट, मग पीओपीच्या पाठीवर घाम धरला. एक तुकडा काढून बघितला तर पाठ काळीभोर, तव्याच्या बुडासारखी.

सगळं उतरवलं. सून नव्या घरात आली ती पहिल्याच वर्षी धुळीत. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला: एक वाटा चुना, तीन वाटे वाळू, चुना आधी पाण्यात पंधरा दिवस मुरवलेला. वर चुन्याचीच सफेदी. पीओपीच्या जागी बुरडाकडनं बांबूचे तट्टे विणून घेतले आणि वाशांपासून फूटभर खाली लाकडी चौकटीत बसवले. तट्ट्याला हवा आरपार जाते, दिसतोही छान. ज्यांना जमेल त्यांनी लाकडाची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, करावी, ती सगळ्यात उत्तम, खरं सागवानाचे भाव बघता मी कुणाला आग्रह करत नाही.

तेव्हा मातीच्या आणि चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट, टाइल, ऑइलपेंट, "वॉटरप्रूफ" म्हणून विकतात ते रंग, यातलं काही लावू नका. ओल खरंच जास्त असेल तर ती कुठनं येते ते बघा. दहातल्या सात घरांत वळचणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असतं. पन्हाळ लावून ते चार फूट लांब सोडलं की भिंत दोन वर्षांत आपोआप वाळते.

विणकरांच्या घरांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. वडगाव-शहापुरात हातमाग गेले, मागाच्या खोल्या राहिल्या. सुताला ओलावा लागतो, कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून या खोल्या मुद्दाम अंधाऱ्या आणि दमट ठेवलेल्या असायच्या. माग काढल्यावर मागाखालचा खड्डा घरातल्याच राडारोड्यानं बुजवतात, वर फरशी, फरशीवर पलंग. मग "खोलीत वास येतो, एसी लावा." एसीनं वास जात नाही. खड्डा परत उकरा, तळाला फूटभर मोठी खडी घाला म्हणजे ओल वर ओढली जात नाही, त्यावर मुरूम थराथरानं धुमसून घ्या, मग फरशी. आणि समोरासमोर दोन खिडक्या पाडा. एकच खिडकी म्हणजे बाटली.

कूलर कुणी घ्यावा

हे तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. अथणी, रायबाग, गोकाक, रामदुर्ग ही कोरडी बाजू. तिथं उन्हाळा कडक, हवा सुकी, आणि कूलर मे संपेपर्यंत उत्तम चालतो. तिकडची घरं बहुतेक माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. माळवदाला दर उन्हाळ्यात चुन्याची पांढरी सफेदी दोन हात मारली की ऊन परत फिरतं, तो खर्च कूलरच्याही आधी करा. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, वारं असतंच. इथं कूलर मार्च-एप्रिलपुरता. वळीव पडायला लागला की तो नुसता दमटपणा वाढवतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, कूलरवर पैसे घालू नका. तिथं घाटावरचा पाऊस, हवेत आधीच पाणी.

कूलर खिडकीत बाहेरनं हवा घेईल असा ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार अर्धं उघडं सोडा. बंद खोलीत कूलर लावून "काही उपयोग नाही" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. कौलारू घरात हे आपोआप जमतं, वापरलेली हवा कौलांतनं निघून जाते. पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण ओतून टाकी घासा, डासांची अंडी त्यातच होतात. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका. ओल्या हातानं कूलरला हात लावून झटका खाल्लेली माणसं मी बघितलीत, एक तर माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर आदळला.

पंख्याचं एका ओळीत: जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसच्या आसपास. बदला.

तरी एसी हवाच असेल

घरात आजारी माणूस आहे, लहान बाळ आहे, नाहीतर नुसतीच हौस आहे, तर बसवू. एकच खोली निवडा, आणि ती कौलांच्या थेट खाली नको. माजघर किंवा जिच्यावर माळ्याची पाटई आहे अशी खोली. लाकडी पाटईच्या वर मातीचा थर असतो, तो चांगला. उघड्या कौलांखालच्या खोलीत एसी लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. दारांच्या फटींना रबरी पट्टी मारा, उंबऱ्याशी जाड पायपोस ठेवा.

आता बोर्ड. मेन स्विचचं झाकण काढलं की घराचं वय कळतं. लाकडी पेटी, चिनी मातीचे फ्यूज, त्यात कुणीतरी बांधलेली जाड तार, "सारखा फ्यूज उडतो म्हणून". मागची वायर कापडाच्या वेष्टनाची. बोटानं जरा वाकवली की आतलं रबर वाळल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं गळून पडतं आणि उघडं तांबं दिसतं. ही वायर सागाच्या पट्टीतनं, सागाच्या वाशांवरनं, वाळवी खाल्लेल्या माळ्यातनं गेलेली असते. हिच्यावर साठ वॅटचा दिवा चालला म्हणून दीड टनाचा एसी चालणार नाही. आणि पिना बदलून पंधरा अँपिअरचा प्लग पाच अँपिअरच्या पॉइंटला जोडणारे माझे व्यवसायबंधू आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

एसीला मेन बोर्डापासून थेट, दुसरं काही न जोडता, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. अर्थिंगचा खड्डा परड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, मीठ-कोळशाचा, आणि उन्हाळ्यात आठवड्याला त्यात बादलीभर पाणी. आमच्याकडं तांबडा मुरूम वाळला की अर्थिंग नावालाच राहतं. तुमच्या मीटरचा मंजूर भार जुना, एखाद-दोन किलोवॅटचा असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज एसी घ्यायच्या आधी करा.

मातीच्या भिंतीवर काही टांगायचं नाही. आतलं युनिट दहा-बारा किलोचं असतं. ते भिंतीत खिळे मारून नाही, लाकडी खांबाला किंवा तुळईला आधार घेऊन सागाची फळी बसवायची आणि त्या फळीवर. बाहेरचं युनिट तीस-चाळीस किलोचं आणि वर थरथरणारं. ते परड्यात सिमेंटच्या ठोकळ्यांवर, सावलीत, भिंतीपासून हातभर लांब. पाइपासाठी भोक अडीच-तीन इंचांचं, हळूहळू कोरून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. हॅमर मशीन लावलं तर आतला मातीचा गोळा निघून येतो आणि नळी बसायच्या जागी मांजर जाईल एवढं भगदाड पडतं. मी एकदा पाडलंय. भोक बुजवताना चुना-माती, फोम नको. एसीचं सांडपाणी तुळशीला किंवा गटाराला सोडा. रोज कित्येक लिटर पाणी भिंतीच्या बुडाशी टपकत ठेवलं तर वरची सगळी मेहनत गेली.

बिलाचाही हिशेब करा. ऑगस्ट २०२३ च्या बिलापासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आपल्याला २०० युनिटच्या आत वीज मोफत आहे, तीही २०२२-२३ च्या सरासरीपेक्षा थोडी जास्त एवढीच. त्यावर गेलं तर वरच्या युनिटचे पैसे, आणि २०० ओलांडले की सगळ्या युनिटचे. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालला तर सहा ते आठ युनिट धरा. महिन्याचे तिथंच दोनशे होतात. म्हणून रात्री आठ ते अकरा एसी, मग खिडक्या उघडून पंखा, असा आमचा रिवाज. २४ वर ठेवा. नवीन एसी चालू केला की २०२० पासून आपोआप २४ वरच येतो, त्याला खाली ओढायची गरज नाही.

पाऊस आणि थंडी

बाहेरगावचे लोक विचारतात, बेळगावात थंडी किती? खरी हुडहुडी भरते ती जुलै-ऑगस्टात. तापमान वीस-बावीसच असतं, खरं पांघरूण दमट, भिंत दमट, कपडे चार दिवस वाळत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे सांधे तेव्हा धरतात. इथं हीटरपेक्षा कोरडेपणा लागतो. एसी असला तर दुपारी तास-दोन तास ड्राय मोडवर चालवा. नसला तर छोटा डिह्युमिडिफायर, दोन-तीनशे वॅटचा, एका बंद खोलीत. पहिल्या दिवशी त्यातनं काढलेलं पाणी बघून माणसं घाबरतात. कपाटातल्या दिव्याची एक युक्ती होती: खालच्या कप्प्यात चाळीस वॅटचा पिवळा दिवा, त्यानं रेशमी साड्या कोरड्या राहायच्या. आता एलईडी लावून बुरशी का येते म्हणून विचारतात. एलईडीला ऊब नसते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत उतरतो. कौलारू घरात ब्लोअर घेऊ नका, गरम हवा सरळ आढ्याला जाते आणि दोन किलोवॅटचं बिल राहतं. समोर बसलेल्या माणसाला ऊब देणारा क्वार्ट्झचा हीटर, आठशे वॅटचा, कौलारू घराला बरा. तक्तपोशीच्या बंद खोलीत ऑइलवाला चालतो. दोन किलोवॅटचा हीटर नऊ अँपिअर ओढतो, त्याला सोळा अँपिअरचा पॉइंटच पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्ड नको. आईच्या बिछान्यात मी विजेचं ब्लँकेट घातलंय, शंभर वॅटचं, झोपायच्या आधी अर्धा तास. तिनं पहिल्या रात्री ते काढून ठेवलं, "वीज अंगाखाली घेऊन कोण झोपतंय" म्हणून. आता पोरांनी मागितलं तरी देत नाही. दारांना रात्री वाकळ टांगा. जुन्या लुगड्यांची, चार-पाच पदरी. सोप्याकडच्या दाराला एक आणि परड्याकडच्याला एक एवढ्यानं झोत तुटतो.

शेगडी बंद खोलीत नाही. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. शेकायचं तर सोप्याच्या बाहेर, कट्ट्यावर. न्हाणीतल्या गॅस गिझरचंही तेच. तो न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यायची. बोळातल्या एका घरात मी स्वतः तो काढून बाहेर लावला, कारण न्हाणीला खिडकी म्हणून होती ती एक वीट काढलेली जागा.

सोलर बंब हवा म्हणतात, आणि उन्हाचे आठ महिने तो खरंच चांगला. खरं कौलांवर तो चढवायचा नाही. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो नुसतं पाणी, वर लोखंड. वासे वाकतात. परड्यातल्या न्हाणीवर छोटा स्लॅब असेल तर त्यावर, नाहीतर जमिनीतनं लोखंडी खांब उभे करून. पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी जुना तांब्याचा बंब मोडीत घालू नका. आतली नळी वर्षातनं एकदा काढून राख नि काजळी झाडा, बुडाला कल्हईवाल्याकडनं झाळ लावून घ्या. आमचा बंब परड्यात वळचणीखाली आहे. करवंट्या आणि सुताराकडचे सागाचे कपटे घातले की वीस मिनिटांत दोघांच्या आंघोळीचं पाणी तापतं, आणि त्याच्या उबेला वरच्या दोरीवर पोरांची शाळेची पँट रात्रीत वाळते.